९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं: बॅलन्सिंग करूनही परत परत येणाऱ्या कंपनाचा माग

गाडी ९० च्या पुढे गेली की स्टिअरिंगला बारीक थरथर सुटायची. ९५ ला ती मनगटापर्यंत यायची, आरशातला मागचा ट्रक धूसर व्हायचा. गंमत अशी की समृद्धीवर ११५ ला हीच गाडी जवळजवळ शांत. सात महिने हे चाललं आणि त्या काळात पाच वेळा बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर वजनं चिकटवून चाकाचा तोल साधणं, झालं. दर वेळी मशीनने चारही चाकांना शून्य दाखवलं.

गाडी जुनी, जर्मन, दोन सीटांची, पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जाणारी. ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. टायर पुढे २२५/४५ आर १७, मागे २४५/४० आर १७. माझ्या हाती आली तेव्हा आधीच्या मालकाने हौसेने कंपनीच्या रिमऐवजी बाहेरचे अलॉय बसवलेले होते. हा शेवटचा तपशील मी सात महिने कुणाला सांगितलाच नाही, कारण तो सांगण्यासारखा आहे असं वाटलंच नव्हतं.

मुंबईत या दुखण्याची पहिली अडचण म्हणजे ते दाखवायला रस्ता नाही. सी लिंकवर मर्यादा ८०, कोस्टल रोडवर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६०. मेकॅनिकला शेजारी बसवून पूर्व द्रुतगतीवर फेरी मारली की तो म्हणणार, "साहेब, काहीच नाही, मक्खन चालतेय." खरंच चालत असते. कायद्यात राहून ९५ गाठायचे तर अटल सेतू किंवा पुणे एक्स्प्रेसवे, दोन्हीकडे मर्यादा १००. मी सेतू धरला, कारण एक्स्प्रेसवेचं काँक्रीट स्वतःच गोंधळ घालतं. काँक्रीटच्या सांध्यांमध्ये साधारण साडेचार मीटर अंतर धरलं तर १०० ला सेकंदाला सहा ठोके रस्त्याचेच बसतात. सेतूचा टोल जाऊन-येऊन ३७५ रुपये. घरात या चाचण्यांना "तुझं ३७५" असंच नाव पडलं.

पंक्चरने दिलेला सुगावा

पहिल्या दोन बॅलन्सिंगनंतर थरथर पहिल्याच रविवारी परत आली. तिसऱ्या वेळी मात्र महिनाभर गाडी लोण्यासारखी पळाली आणि मी टायरवाल्याला पेढे द्यायचेच बाकी ठेवले. मग जुलैच्या पावसात पुढच्या डाव्या चाकात खिळा घुसला. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने चाक काढलं, पाण्यात बुडवून भोक शोधलं, बाहेरूनच पट्टी ठोकली आणि हवेच्या गनने बोल्ट कर्रकन आवळून दिले. त्या रविवारी थरथर हजर, पूर्वीपेक्षा जोरात.

मी पुन्हा बॅलन्सिंगला पळालो. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. टायर रिमवरून उतरला नव्हता. वजनाच्या पट्ट्या जागेवर होत्या. पट्टीच्या रबराचं वजन दोन-तीन ग्रॅम असेल. म्हणजे चाक तेच, टायर तोच, वजनं तीच. बदललं काय? चाक हबवरून, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून, निघालं आणि परत बसलं, एवढंच.

तुमच्याकडे कंपन असंच ये-जा करत असेल तर आधी वही काढा आणि प्रत्येक वेळी चाक कधी काढलं होतं ती तारीख लिहा. पार्ट बदलण्याआधी हे फुकटचं काम करावं. माझ्या तारखा मांडल्यावर चित्र स्पष्ट होतं: कंपन सुधारलं किंवा बिघडलं ते दर वेळी चाक बसवण्याच्या दिवशी. चालता चालता त्यात कधीच फरक पडला नव्हता.

फिरतंय काय, ते मोजा

कंपनाचं निदान हातापायाच्या संवेदनेवर करू नये असं मला आता वाटतं. नियम म्हणून सगळे सांगतात की स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट आणि फरशी हलली तर मागची. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण त्यातून चाक, शाफ्ट आणि इंजिन वेगळे कळत नाहीत. ते कळतात आकड्याने, आणि आकडा फोन देतो.

जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे सेकंदाला किती झटके बसताहेत त्याचा आलेख. फोन दुतर्फा टेपने घट्ट चिकटवा, सैल होल्डरमध्ये ठेवला तर होल्डरचंच कंपन मोजलं जाईल. शेजारी कुणीतरी हवंच, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. वेग जीपीएसचा धरा, गाडीचा काटा सहसा थोडा जास्तच दाखवतो.

मग चाकाचा घेर. टायरला आणि जमिनीला खडूने खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा आणि टेपने अंतर मोजा. माझा आला १.९६ मीटर. ९५ चा वेग म्हणजे सेकंदाला २६.४ मीटर, भागिले १.९६, उत्तर साडेतेरा. चाक ९५ ला सेकंदाला साडेतेरा वेळा फिरतं. फोनवरचं शिखर कुठे होतं? साडेतेरा हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढेच झटके. ८० ला तेच शिखर ११.३ वर सरकलं आणि बुटकं झालं. झटका चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच बसतोय, हे पक्कं.

दुसरा आकडा आला असता तर वाट वेगळी होती. चाकाच्या दुप्पट, म्हणजे २७ च्या आसपास शिखर असतं तर टायर लंबगोल झाल्याचा संशय. माझ्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरपेटीचं, गुणोत्तर सव्वातीनच्या थोडं वर आहे, म्हणून १०० ला इंजिनची ताकद मागे नेणारा मधला प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४६ वेळा फिरतो. त्या जागी शिखर आलं तर शाफ्ट, त्याचं रबर कपलिंग आणि सेंटर बेअरिंग बघायचं. इंजिन २५०० आरपीएमला जवळपास ४२ हर्ट्झवर फिरतं, म्हणजे शाफ्टच्या फार जवळ. दोघांना वेगळं करायला त्याच वेगात क्षणभर न्यूट्रल करायचं: आरपीएम खाली येऊनही कंपन तसंच राहिलं तर इंजिन निर्दोष. हे रिकाम्या सरळ रस्त्यावर, पाचेक सेकंदच. चावीला हात लावायचा नाही, इंजिन बंद झालं तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. आणि एक लक्षात ठेवा, फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर त्याला ५० हर्ट्झच्या वरचं दिसतच नाही.

थरथर सतत नसायची, याने मी बराच फसलो. सरळ रस्त्यावर दहा-पंधरा सेकंद यायची, मग विरायची, मग परत. रस्त्याचा दोष वाटायचा. त्यामागचं कारण साधं आहे. डावा आणि उजवा टायर घेरात तंतोतंत सारखा नसतो. अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी दोन्ही चाकांचे जड भाग कधी एकाच वेळी वर येतात, कधी एक वर आणि एक खाली. उलटसुलट असताना स्टिअरिंग हलतं, बरोबरीने आले की नाक फक्त बारीक उड्या मारतं. अर्ध्या टक्क्याच्या फरकाने हे चक्र साधारण चौदा सेकंदांत पूर्ण होतं. मी घड्याळ लावून बघितलं, माझं तेरा-सोळाच्या दरम्यान होतं.

आणि ११५ ला शांत का? चाक, हब आणि त्यांना धरणारा आर्म हे सगळं रबरी बुश (सांध्यांतली रबरं) आणि स्प्रिंगवर टांगलेलं वजन आहे, त्याला स्वतःचा झोका असतो. बहुतेक गाड्यांत तो १० ते १५ हर्ट्झमध्ये पडतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, त्याहून घाईने दिला की नुसता थरथरतो. लोअर आर्मचे बुश मऊ पडले की हा झोका वाढतो. म्हणून बुश बदलले की कंपन "कमी" होतं, आणि माणूस समजतो रोग गेला. माझे बुश एका गॅरेजने बदलायला सांगितले होतेच. लोखंडी पट्टी घालून हलवून पाहिले, ठीक होते, म्हणून वाचलो.

चाकं अदलाबदल करता येत नाहीत तेव्हा

साध्या गाडीत सोपी युक्ती असते: पुढची चाकं मागे टाका, थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात. स्पोर्ट्स कारमध्ये पुढे-मागे मापं वेगळी, त्यामुळे ते बंद. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील तर डावं-उजवंही बंद. मग उरतं ते असं: संशयित चाकावर आणि हबवर खडूने खूण करा, चाक काढा, एक भोक पुढे फिरवून परत बसवा. पाच बोल्टांच्या चाकाला ७२ अंश. चाक आणि हब दोन्ही नीट असतील तर याने काहीही बदलायला नको. माझ्याकडे थरथर निम्मी झाली.

त्याआधी बॅलन्सिंग मशीनचीही परीक्षा घेतली. टायरवाल्याला रागावू न देता म्हणायचं, "भाऊ, शून्य आलं ना, आता चाक मशीनवरच सैल करून अर्धा फेरा फिरवा आणि परत एकदा फिरवून दाखवा." पुन्हा पाचेक ग्रॅमच्या आत आलं तर मशीन आणि चाक मधोमध धरणारा त्याचा शंकू दोन्ही बरे. पंधरा-वीस ग्रॅम उडी मारली तर मशीनवर चाक मधोमध बसतच नव्हतं, म्हणजे आधीची सगळी शून्यं खोटी. माझं चाक पास झालं. मशीन निर्दोष, चाक निर्दोष, बॅलन्सिंगवाला निर्दोष. त्या माणसाला मी सात महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

उत्तर मिळालं लालबागच्या एका गाळ्यात. तिथले काका लेथवर उभे असतात. वडील मिलमध्ये फिटर होते, ८२ च्या संपानंतर त्यांनी हे दुकान टाकलं. काकांना स्पोर्ट्स कारचं कौतुक शून्य. त्यांनी जॅक लावला, चुंबकाच्या पायावरचं डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजणारं काट्याचं मापक, रिमच्या आतल्या काठाला टेकवलं आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. काटा १.१ मिलिमीटर फिरला. तेच चाक शेजारच्या गल्लीतल्या बॅलन्सिंग मशीनवर नेऊन मोजलं तर ०.२.

"अहो, रिम वाकडी नाहीये तुमची," काका म्हणाले. "चाक मध्यावर बसलेलं नाही. रिंग कुठाय?"

"कसली रिंग?"

त्यांनी चाक उलटं करून दाखवलं. बाजारात मिळणारे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवलेलं असतं. माझ्या रिमचं भोक ७३.१ मिलिमीटर, गाडीच्या हबचा गोल ६६.६. मधली फट भरायला हब रिंग लागते. उजवीकडे प्लॅस्टिकची रिंग होती, उन्हाने-ब्रेकने कडक होऊन तडकलेली. डावीकडे नव्हतीच. पुढचे टायर बदलले तेव्हाच कधीतरी निघून कचऱ्यात गेली असणार.

"बोल्टने चाक धरायचं असतं, मधोमध आणायचं काम हबचं. तुम्ही ते बोल्टवर सोडलंय. पहिला बोल्ट ज्याने गच्च आवळला, त्याच्याकडे चाक सरकलं."

यात सगळं बसलं. मशीन चाकाला मधल्या भोकात शंकू घालून धरतं, म्हणून तिथे शून्य. गाडीवर ते बोल्टांच्या नशिबाने बसतं. तिसऱ्या वेळी नशीब बरं होतं, पंक्चरवाल्याच्या गनने ते फिरवलं.

काटा १.१ फिरला म्हणजे चाक मध्यापासून त्याच्या निम्मं सरकलेलं. अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशोब करून पाहिला. टायरसकट चाक साधारण २० किलो. ते अर्धा मिलिमीटर सरकलं म्हणजे १०,००० ग्रॅम-मिलिमीटरचा तोल गेला. वजनाची पट्टी केंद्रापासून २२ सेंटिमीटरवर लागते असं धरलं, तर हे ४५ ग्रॅमची पट्टी नसण्याइतकं झालं. १०० च्या वेगाला त्याचा ओढा जवळजवळ आठ किलो, सेकंदाला चौदा वेळा. ५० ला तोच दोन किलो, कारण वेग निम्मा झाला की ओढा चौथाई होतो. शहरात गाडी मक्खन का चालते, ते यात आलं. शिवाय टायरचा गोलही तेवढाच सरकतो, त्याचे ठोके वेगळे.

दुरुस्ती

काकांनी ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातून दिल्या, चारांचे दोन हजार. हबचा चेहरा वायर ब्रशने घासला. मुंबईच्या खाऱ्या हवेत तिथे गंजाचे पापुद्रे धरतात आणि ते नखाएवढे असले तरी चाक तिरकं बसतं. हबच्या गोलावर गंजविरोधी ग्रीसचा पातळ हात दिला. बोल्टच्या आट्यांवर ग्रीस लावू नका, आवळण्याचा हिशोब चुकतो. रिंग चाकातच राहावी म्हणून सिलिकॉनचे दोन थेंब टाकले.

बोल्टही तपासले. कंपनीच्या मूळ रिमसाठी गोल बुडाचे बोल्ट येतात, बाहेरच्या अलॉयला बहुतेकदा शंकूच्या बुडाचे लागतात. चुकीचे लावले तर दिसायला घट्ट, प्रत्यक्षात बारीक रेषेवर टेकलेले. असे आढळले तर गाडी तशीच चालवत घरी नेऊ नका. माझे शंकूचेच होते. चाक अधांतरी असताना पाचही बोल्ट हाताने, चांदणीच्या क्रमाने टेकवले, मग जॅक उतरवून टॉर्क पान्ह्याने ११० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा तपासला. गेजवर आता ०.३.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर वरचं सगळं विसरा, डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही. फक्त जोर देताना येते आणि पाय काढला की जाते, तर ॲक्सलचे आतले जॉइंट किंवा शाफ्टचं रबर. सोसायटीत महिनाभर उभी गाडी बाहेर काढल्यावर पहिले पंधरा-वीस किलोमीटर धडधडते ते टायरला पडलेल्या सपाट डागामुळे. गरम झाल्यावर गेली तर चिंता नको, राहिली तर डाग कायमचा.

गेली काही वर्षं शहरभर रस्त्यांचं काँक्रीटीकरण चालू आहे, त्याचीही एक भेट मिळते. ओल्या सिमेंटच्या चिखलातून गेल्यावर तो रिमच्या आतल्या बाजूला उडतो आणि वाळून दगड होतो. मित्राच्या गाडीच्या एका चाकातून मूठभर निघाला. बॅलन्सिंगच्या आधी चाक आतून धुवायला सांगा, नाहीतर सिमेंटसकट शून्य येईल आणि पहिला खपला पडला की बिघडेल. पंक्चर जेल टाकलं असेल तेही सांगा. ते टायरमध्ये वाहतं, दर वेळी वेगळ्या ठिकाणी साचतं, त्याला कुठलंही मशीन तोलू शकत नाही.

खड्ड्यात आपटल्यानंतर सुरू झालेलं कंपन असेल तर रिमचा आतला काठ बघा. बाहेरून गोजिरी दिसणारी रिम आतून चेपलेली असते, आणि रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर असतील तर जास्तच, कारण त्यांची कडक भिंत धक्का स्वतः न घेता रिमला देते. टायरच्या बाजूला फुगा दिसला तर मोजमाप, सेतू, फोन काही नको. स्पेअर लावा किंवा टो करा.

रिंगा बसवल्यावर मी पुन्हा सेतूवर गेलो. साडेतेरा हर्ट्झचं शिखर आलेखात शोधावं लागलं. पण मागे शांतता झाल्यामुळे दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलंय: १०० ला, जोर देताना, सीटखाली बारीक झिणझिण, आकडा ४६. तो शाफ्टचा नंबर. रबर कपलिंगला भेगा आहेत, मी खाली वाकून बघितल्या. पार्ट मागवलाय. बायकोने विचारलं, "म्हणजे अजून एक ३७५?" मी म्हटलं, "दोन. एक बदलण्याआधी, एक नंतर."